सामायिक जाळे, सामायिक वही

स्पेनमधील कातालोनियाच्या ओसोना परिसरात विखुरलेल्या शेतघरांपर्यंत इंटरनेट नेणे मोठ्या कंपन्यांना परवडणारे वाटेना. तेव्हा २००४ मध्ये रामोन रोका व त्यांच्या शेजाऱ्यांनी छपरांवर अँटेना उभारून ‘गीफी नेट’ हे बिनतारी जाळे विणण्यास आरंभ केला. एका छपरावरचा संदेश दुसऱ्या छपरावरून पुढे जातो. आज त्याचे हजारो दुवे आहेत.

व्यापाऱ्याने पाहावी ती त्यांची हिशेबपद्धती. जाळे कोणा एकाच्या मालकीचे नाही. तरीही त्यावर सेवा विकून नफा मिळविण्यास मनाई नाही. सेवा विकणारे व्यावसायिक वापराच्या प्रमाणात खर्चाचा वाटा उचलतात. ज्याची गुंतवणूक वाट्याहून अधिक, त्याला फरकाची रक्कम इतरांकडून मिळते. २००८ मध्ये स्थापन झालेले प्रतिष्ठान हा जमाखर्च सांभाळते. गिऱ्हाइकांसाठी परस्परांशी स्पर्धा करणारे हे व्यावसायिक वही मात्र एकच ठेवतात.