शीड कोठे शिवून घ्यावे?

पेशव्यांशी ज्याचे नाते परंपरेने सांगितले जाते, आणि ज्याच्या वरच्या अंगास असलेल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाझ केला, तो बालाजी घाट काशीच्या घाटांच्या पंक्तीत रामघाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान आहे. आज त्याच्या पायऱ्यांशी लागणाऱ्या नावा वल्ह्यांवर, डिझेलवर आणि अलीकडे नैसर्गिक वायूच्या इंजिनावर चालतात. परंतु आगबोट आणि आगगाडी येण्यापूर्वी बंगालातून काशीकडे येणारा माल ज्या नावांतून येई, त्यांची मदार वाऱ्यावर होती. प्रवाहाबरोबर खाली जाताना शीड गुंडाळून ठेवले तरी चाले. प्रवाहाविरुद्ध वर येताना मात्र पूर्वेचा वारा मिळाला तर शीड उभारावयाचे, आणि तो पडला तर नावाड्यांनी काठावर उतरून दोराने नाव ओढावयाची, असा तो शिरस्ता होता. हे शीड चौकोनी असे आणि साध्या जाड्याभरड्या कापडाचे असले, त्यावर दहा ठिगळे असली, तरी नावेचे काही अडत नसे. गावच्या बाजारात मिळेल ते कापड आणि घरचा सुईदोरा एवढ्यावर ज्याची निर्मिती होई, त्या शिडाच्या खरेदीत विचार करण्याजोगे फारसे काही नव्हते.

याच्या उलट, मुंबईच्या किंवा गोव्याच्या बंदरात प्रवासी शिडाची नौका बाळगणाऱ्या आजच्या गृहस्थाला नवे शीड घ्यावयाचे झाले म्हणजे तो महिनोन्महिने विवंचनेत पडतो. शीड येथेच शिवून घ्यावे की परदेशातून मागवावे, कापड कोणते घ्यावे, मापे कोणी घ्यावीत, आणि आलेले शीड नीट न बसल्यास दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नांपैकी एकही प्रश्न गंगेवरच्या नावाड्याला पडला नव्हता. काळाच्या ओघात माणसे चोखंदळ झाली, एवढेच त्याचे कारण नव्हे. नावाड्याचे शीड आणि या गृहस्थाचे शीड वाऱ्याकडून जे काम करून घेतात तेच मुळात भिन्न आहे.

वारा पाठीमागून येत असेल, तेव्हा शीड म्हणजे केवळ वाऱ्याला केलेला अडथळा होय. हवा त्यावर आदळते, अडते, आणि अडताना नावेला पुढे रेटते. या कामी आकाराला महत्त्व थोडे, क्षेत्रफळाला अधिक. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्स या संस्थेने फळ्या दोरांनी शिवून बांधलेले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाजदेखील चौकोनी शिडांचेच आहे. कारण ज्या काळाचे ते प्रतिरूप आहे, त्या काळचे व्यापारी मोसमी वारा पाठीशी येईपर्यंत बंदरात थांबत आणि तो फिरल्यावर परत येत.

परंतु जिकडून वारा येतो त्याच दिशेकडे जावयाचे असेल, तर अडथळा करून भागत नाही. तेथे शिडाला पंखाचा धर्म स्वीकारावा लागतो. वक्र पृष्ठाला अल्प कोनात येऊन भिडलेली हवा त्या वक्रतेला धरून वळते. शिडाच्या फुगीर, बाह्य अंगास दाब कमी होतो, आतील अंगास तो अधिक राहतो, आणि या दाबांच्या अंतरामुळे शिडावर प्रवाहाला जवळजवळ काटकोनात असे बल निर्माण होते. बाहेरून जाणाऱ्या हवेला लांबचा मार्ग असल्यामुळे ती आतल्या हवेला गाठण्यासाठी धावते, हे शालेय पुस्तकांतून पूर्वी आढळणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. दोन्ही अंगांच्या हवेने एकाच क्षणी पलीकडे पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही दंडक नाही. या बलाचा मोठा भाग नौकेला आडवे ढकलू पाहतो, तर लहान भाग पुढे नेतो. आडव्या भागाला तळाचा खोल कणा पाण्यात विरोध करतो, आणि उरलेल्या पुढच्या बलावर नौका वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळत, वाऱ्याच्या उगमाकडे मार्ग काढते.

हे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० सागरी मैलांच्या वाऱ्यात शिडाच्या दर चौरस मीटरवर साधारण २ किलो वजनाइतके बल पडत असेल, तर २० मैलांच्या वाऱ्यात ते ८ किलोंवर जाते. म्हणजे ३० चौरस मीटरच्या मोठ्या शिडावर सुमारे २४० किलोंचा भार येतो. एवढ्या ओढीखालीही शिडाची वक्रता ढळता कामा नये, हीच त्याची खरी कसोटी आहे. शिडाच्या रुंदीच्या साधारण दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतकी खोली, आणि ती सर्वांत खोल जागा मध्याच्या किंचित पुढे, असा आकार उत्तम मानतात. कापड ताणले गेले की ही खोली वाढते आणि मागे सरकते. मग पुढे नेणारे बल घटते, आडवे ढकलणारे वाढते, आणि जुन्या शिडांची नौका एका कुशीवर झोपून चालत असतानाही अंतर मात्र कापीत नाही.

कापड ताणते कसे, हे घरच्या रुमालावरही पाहता येते. रुमाल ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढला तर तो फारसा वाढत नाही. कोपऱ्याकोपऱ्याने तिरका ओढला तर सहज लांबतो, कारण तेथे धागे ताणले जात नसून विणीतील चौकोनच तिरपे होतात. शिडातील ओढ नेमकी कोठून कोठे धावते हे जाणून धाग्यांची दिशा तिच्याशी जुळवणे, हे शीडकाराच्या विद्येचे मर्म आहे. प्रवासी नौकांच्या नेहमीच्या शिडांत कापडाचे पट्टे मागच्या कडेला काटकोनात लावतात, ते एवढ्याचसाठी, की सर्वाधिक ओढ सोसणाऱ्या त्या कडेला बाण्याचे सरळ धागे समांतर राहावेत. पुन्हा, पट्ट्यांच्या कडा सरळ न कापता किंचित गोलाई देऊन कापतात, आणि त्या एकमेकींना शिवल्या म्हणजे सपाट कापडात वक्रता उत्पन्न होते. सबब शीड घेणारा मनुष्य कापड विकत घेत नाही, आकार विकत घेतो. आणि तो आकार किती वर्षे टिकेल, हे कापड ठरवते.

या दृष्टीने कापडाचा इतिहास उद्बोधक आहे. ऑगस्ट १८५१ मध्ये आयल ऑफ वाइटच्या भोवतालच्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्रजी नौकांना मागे टाकले, त्याच्या कारणांत तिच्या घट्ट विणीच्या सुती शिडांचीही गणना होते. इंग्रजांची शिडे जवसाच्या तंतूंची, सैल आणि फुगीर होती. सुती शिडे आपल्याकडे अर्थातच जुनी. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाने प्रसिद्ध असलेले जाडे सुती कापड शिडांसाठी आणि तंबूंसाठी दूरवर जात असे. परंतु सूत ओले झाले की आकसते, दमट हवेत कुजते, आणि सुती शीड नवे असताना सौम्य वाऱ्यात हळूहळू ‘मुरवावे’ लागे. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनज्ञांनी पॉलिएस्टरचा तंतू सिद्ध केला, आणि महायुद्धानंतरच्या दोन दशकांत डेक्रॉन व टेरिलीन या नावांनी त्याने सुताला शिडांतून जवळजवळ हद्दपार केले. हे कापड उष्णतेने आकसवून त्याची वीण घट्ट करतात आणि राळेसारख्या कृत्रिम द्रव्याने धागे जागच्या जागी जखडतात. पातळ पडद्यांमध्ये तंतू चिकटवून केलेली थरांची कापडे यापेक्षाही कमी ताणतात. परंतु आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत थरांच्या मध्ये बुरशी धरते आणि घड्यांवर थर सुटू लागतात, म्हणून शर्यतीचा हव्यास नसणाऱ्याने विणलेले पॉलिएस्टरच पसंत करावे.

नौका येथे बांधून जगाची प्रदक्षिणा करता येते, याविषयी आता शंका उरलेली नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या अवधीत कोठेही न थांबता एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा जिच्यातून केली, ती ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईस कुलाब्याच्या कारखान्यात देशी सुतारांनी बांधलेली होती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पुरी केली, आणि त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात तीच प्रदक्षिणा न थांबता केली. या दोन सफरींत शिडांच्या दृष्टीने मोठाच भेद आहे. दोंदे फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबले. तेथे फाटके शीड उतरवून दुरुस्त करून घेणे शक्य होते. टॉमींना असा मुक्काम एकही नव्हता; जे शीड फाटेल ते हलत्या नौकेवर स्वतःच्या हातांनी शिवणे, अथवा राखीव शिडावर भागवणे, एवढाच उपाय. ज्या शिडाची दुरुस्ती करणारा जवळ नाही, त्या शिडाची निवड अधिक मजबूत कापडाची, अधिक शिवणींची आणि कमी गुंतागुंतीची असावी लागते, हा धडा साध्या प्रवासी नौकेच्या मालकानेही घेण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. परदेशी शीडकाराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याच्याकडे संगणकावर आकार रचण्याची आणि यंत्राने पट्टे कापण्याची सोय असते, अनुभव शेकडो नौकांचा असतो, आणि उत्तम कापड विणणाऱ्या जर्मनी, हॉलंड व अमेरिकेतील गिरण्यांचा माल त्याच्या हाताशी असतो. परंतु ‘परदेशी’ या शब्दाचा अर्थही हल्ली पूर्वीइतका निश्चित राहिलेला नाही. अमेरिकेत स्थापन झालेल्या नॉर्थ सेल्स या विख्यात कंपनीचा मोठा कारखाना श्रीलंकेत आहे, तेव्हा अमेरिकी नावाचे शीड आपल्या शेजारच्याच बेटावर शिवले गेलेले असण्याचा संभव बराच. शिवाय शिडाच्या किमतीत वाहतूक, विमा आणि जकात यांची भर पडते. जकातीच्या वर्गवारीत शिडे ताडपत्री आणि तंबूंच्या पंक्तीत ६३०६ या शीर्षकाखाली बसतात. त्या वेळी लागू असलेला दर कस्टम दलालाकडून लेखी घेतल्याखेरीज बयाणा देऊ नये.

खरी अडचण मापांची आहे. डोलकाठीलगतच्या कडेची उंची, तळाच्या काठीची लांबी, पुढच्या त्रिकोणाची उंची व पाया, या चार मापांवर परदेशी शीडकार प्राथमिक दर सांगतो. पण ती मापे नौकेच्या मूळ माहितीपत्रकातून उचलून पाठवणे म्हणजे संकटास आमंत्रण होय, कारण बारा-पंधरा वर्षांत डोलकाठी बदललेली, तारा लांबवलेल्या, किंवा शीड गुंडाळण्याचे यंत्र नंतर बसवलेले असू शकते. डोलकाठीला मागे किती बाक आहे, खाचेतून सरकणारे तुकडे कोणत्या मापाचे आहेत, शीड आखडण्याचे दोर कोठून जातात, हे सारे प्रत्यक्ष नौकेवर, पोलादी फितीने मोजून, छायाचित्रांसह कळवावे लागते. वजनाच्या परिमाणातही एक सापळा आहे: अमेरिकी शीडकारांचा औंस ३६ इंच लांब आणि साडेअठ्ठावीस इंच रुंद तुकड्याच्या वजनावरून मोजतात, म्हणून त्यांचे ‘८ औंसी’ कापड दर चौरस मीटरला सुमारे ३४० ग्रॅम भरते, इतरत्र तेच ८ औंस चौरस यार्डाचे समजले, तर कापड सुमारे २७० ग्रॅमचेच येते. मागणीपत्रात वजन ग्रॅममध्येच लिहावे, हा यावरचा साधा बंदोबस्त.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एका शत्रूचा हिशेब ठेवावा लागतो, तो म्हणजे सूर्य. अतिनील किरणांनी पॉलिएस्टरचे रेणू तुटतात. नायलॉन त्याहूनही लवकर दुबळे होते. कापडापूर्वी शिवणीचा धागा जातो, कारण तो बारीक असून उघड्यावर असतो. नखाने खरवडून धागा तुटू लागला, तर कापड धडधाकट दिसत असले तरी शीड उतरवून फेरशिवणीस द्यावे. समशीतोष्ण प्रदेशातील शीडकाराला हे तपशील मागणी करणाऱ्याने स्पष्ट सांगितले पाहिजेत: शिवण तिपेडी वाकडी, धागा जाड किंवा उन्हाला दाद न देणाऱ्या फ्लुओरिनयुक्त तंतूचा, आणि गुंडाळलेल्या शिडाच्या उघड्या कडेवर संरक्षक पट्टी.

या सर्वांचा मेळ घालता मध्यम मार्ग सुचतो, तो असा. कापड नामांकित गिरणीचे, बाहेरून आलेले असण्यास प्रत्यवाय नाही; आकाराची आखणीही दूरच्या तज्ज्ञाने करावी; परंतु मापे घेणारा, शीड प्रथम उभारताना नौकेवर हजर राहणारा आणि पुढे ते सुधारून देणारा मनुष्य मात्र आपल्या बंदरापासून एका दिवसाच्या अंतरावर असावा. कारण शीड कितीही काळजीपूर्वक आखले तरी पहिल्या उभारणीतच कळते की मागची कड फडफडते आहे, अथवा आखडण्याचे छिद्र चार बोटे वर हवे होते. हे दोष येथल्या शीडकाराकडे एका दुपारचे काम असते. तेच शीड परत परदेशी पाठवावे तर दुहेरी वाहतूक, जकातीची कागदपत्रे आणि हातचा सबंध हंगाम गमावणे ओघाने आले. पावसाळ्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून डोलकाठी उतरवण्याची आपल्याकडे चाल असल्याने, मापे वैशाखापूर्वीच, डोलकाठी उभी असताना घ्यावीत. म्हणजे पावसाळ्याचे महिने शिवणकामास मिळतात आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होताना शीड हाती असते.

स्वस्त आणि महाग यांचा निवाडा या व्यवहारात विक्रीच्या पावतीवर होत नाही. आकार जितका सूक्ष्म, तितकी त्याला पुन्हा पुन्हा हात लावण्याची गरज अधिक, आणि म्हणून तो हात जितका जवळ तितके शीड स्वस्त. तेव्हा दरपत्रक मागवण्यापूर्वी मालकाने प्रथम एवढेच विचारावे, की तिसऱ्या वर्षी हे शीड फाटेल तेव्हा ते शिवणार कोण. या प्रश्नाला उत्तर म्हणून ज्याचे नाव आणि पत्ता सांगता येतो, त्याच्या सल्ल्याने केलेली खरेदी, मग कापड कोणत्याही देशाचे असो, सहसा पस्तावण्याची वेळ आणीत नाही.