टायर आतून झिजतो

गाडी दुकानात आली की मामा आधी टायरवर हात फिरवतात. चावी नंतर मागतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात त्यांचं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे. तळहात आडवा ठेवून ते बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे जातात, मग उलट. तोवर गिऱ्हाईक तक्रार सांगत असतं, मामा 'हं' म्हणत असतात, पण त्यांचं खरं लक्ष बोटांकडे असतं.

माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर आतल्या कडेला पार गोटा झाला होता. बाहेरून पाहिलं तर नक्षी चांगली शिल्लक. टायर जुने नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंट झालेलं होतं, स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवे दिसले होते, आणि तरीही गाडी टायर खात होती. हे कसं, या एका प्रश्नासाठी मी मामांच्या दुकानात स्टूल ओढून बसलो, आणि नंतरही वेळ मिळेल तसा जात राहिलो.

झिजलेला टायर बरंच काही सांगतो, पण वाचता यायला हवं. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरलेली. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच राहिला तर हवा कमी. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. खरी परीक्षा एकच कड झिजते तेव्हा होते, कारण त्यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात. चाक उभ्या रेषेतून आत किंवा बाहेर कललेलं असेल तर तो कॅम्बरचा दोष. वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड सरळ पुढे नसेल तर तो 'टो'चा दोष. कॅम्बरनं कड झिजते ती गुळगुळीत, सफाईनं. टोनं झिजते तेव्हा टायर चालता चालता आडवा फरफटतो आणि नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक बाजू गोल, दुसरी धारदार होते. माशावर शेपटीकडून डोक्याकडे हात नेला की खवले बोचतात आणि उलट नेला की लागतही नाहीत, तसंच. डोळ्याला हा फरक सहज दिसत नाही, तळहाताला लगेच कळतो. माझ्या टायरवर बाहेरून आत येताना धार लागत होती, आतून बाहेर जाताना नाही. मामांनी माझा हात धरून दोन्हीकडे फिरवला. "लागलं का? म्हंजे चाकाचं तोंड बाहेर हाय."

फरफट किती होते याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीनं करता येतो. चाक एका अंशानं तिरकं असेल तर एका किलोमीटरमागे साधारण १७ मीटर आडवं घासतं. एक अंश फार झाला, नुसता पाव अंश धरा. तरी किलोमीटरमागे ४ मीटरहून जास्त, म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये तो टायर ४० किलोमीटरहून अधिक आडवा घासला गेला. पाव अंश डोळ्याला दिसत नाही, स्टेअरिंगलाही कळेलच असं नाही. दोन्ही चाकं सारखीच बाहेर वळलेली असतील तर गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही आणि चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. 'गाडी सरळ जाते, मग अलाइनमेंट कशाला' हे वाक्य मी त्या दुकानात पुन्हा पुन्हा ऐकलं. सरळ जाणारी गाडीसुद्धा टायर खाऊ शकते.

मग गाडी लिफ्टवर चढली, पण मशीनचे क्लॅम्प अजून भिंतीवरच होते. मामांनी डावं चाक आधी वर-खाली धरून हलवलं. इथे खेळ लागला तर बेअरिंगवर किंवा बॉल जॉइंटवर संशय. मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. इथे लागला तर स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या टायरॉडकडे बघायचं. हलकीशी 'टक' आली. पोऱ्यानं आतून टायरॉड एंडवर बोट ठेवलं, मामांनी पुन्हा हलवलं, बोटाखाली खेळ कळला. त्यानंतर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या रबरी बुशाशी अडकवून दाब दिला, तेव्हा रबराची भेग उघडली. मला वाकायला लावून त्यांनी ती दाखवली.

उत्तर इथे होतं. मशीन उभ्या गाडीची मापं घेतं. उभ्या गाडीत फाटलेलं बुश आपल्या जागी बसलेलं असतं, म्हणून आकडा हिरवा येतो. रस्त्यावर ब्रेक दाबला, खड्ड्यात चाक आदळलं, की चाक मागे ढकललं जातं, आर्म सरकतो आणि माझ्या गाडीच्या बाबतीत चाकाचं तोंड बाहेर वळतं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर सहापदरीकरणाची वळणं आणि उखडलेले सेवा रस्ते ओलांडताना हे किती वेळा होत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतही टिकेल याची खात्री नसते. तरीही अनेक दुकानांत गाडी थेट मशीनवर घेतात, कारण चाकं हलवून बघण्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. मला हे चूक वाटतं. ज्यानं सांधे तपासले नाहीत त्यानं अलाइनमेंट केलं असं म्हणूच नये.

बुश आणि टायरॉड एंड बदलून झाल्यावरच मशीन सुरू झालं. त्याआधी चारही टायरांची हवा, तीही ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं लावलेल्या तक्त्याप्रमाणे. पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर, चारही रिमांना क्लॅम्प, त्यांवर परावर्तक पाट्या, आणि समोरच्या खांबावरचे कॅमेरे त्यांच्याकडे बघणारे. गाडी थोडी मागे ढकलून पुन्हा पुढे आणली. यानं रिममधला वाकडेपणा मापातून वजा होतो. स्टेअरिंग डावीकडे, उजवीकडे ठरावीक अंश वळवलं, त्यावरून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल, निघाला. कॅस्टर बिघडला तर टायर फारसा झिजत नाही. पण दोन बाजूंचा कॅस्टर वेगळा असेल तर गाडी एका अंगाला ओढते.

आकडे आधी मागच्या चाकांचे पाहायचे, मग पुढच्यांचे. पुढे आधी कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण बाकी काही हललं की टो हलतोच. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलायला सोयच ठेवलेली नसते. तो फार चुकला असेल तर काहीतरी वाकलंय असं समजायचं. टो मात्र टायरॉडवर जुळवता येतो. स्टेअरिंग सरळ बांधून मामा लॉकनट सैल करतात आणि रॉड पान्यानं थोडा थोडा फिरवतात. स्क्रीनवरचा आकडा मिनिटांनी सरकत जातो. एका अंशाची ६० मिनिटं, त्यातली दोन-चार इकडं, दोन-चार तिकडं. आकडा बसला तरी ते लॉकनट आवळताना पुन्हा स्क्रीनकडे बघतात, कारण आवळतानाच रॉड थोडा फिरतो. हा शेवटचा कटाक्ष मला त्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा वाटला.

मशीन येण्याआधीही हे काम होत होतंच. जॅकवर चाक फिरवून नक्षीवर मधोमध एक बारीक रेघ ओढायची, गाडी खाली उतरवायची, आणि दोन चाकांवरच्या रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे टो. मामा शिकले ते असंच.

मागचा उजवा टायर निराळंच सांगत होता. त्यावर ठरावीक अंतरानं उथळ खळगे पडले होते. असे खळगे चाक रस्त्यावर उड्या मारतं तेव्हा पडतात. त्या बाजूच्या शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं. अशा टायरचा घूं-घूं आवाज बेअरिंगसारखाच येतो आणि कित्येकदा चांगलं बेअरिंग बदललं जातं. टायर पुढे-मागे बदलून बघावं. आवाज टायरबरोबर गेला तर बेअरिंग निर्दोष.

टायरांची अदलाबदल चांगलीच, ८-१० हजार किलोमीटरला करावी. पण तिच्यामुळे पुरावा जागचा हलतो. पुढच्या डाव्या चाकानं केलेली झीज मागे जाऊन बसते आणि नवा मिस्त्री मागचं सस्पेन्शन खोलतो. म्हणून मामांचा पहिला प्रश्न असतो, "टायर कधी फिरवलं?" दुसरा प्रश्न स्टेअरिंग थरथरतं का, आणि किती वेगाला. ताशी ८०-१००च्या आसपास थरथर असेल तर तो बॅलन्सिंगचा मामला, रिमला चिकटवलेल्या काही ग्रॅम वजनाचा. अलाइनमेंटनं ती जाणार नाही. आपण 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' एका दमात म्हणतो, पण दोन्हींचं दुखणं वेगळं आणि इलाजही वेगळा.

आतली कड एवढी महत्त्वाची का, तर ती दिसत नाही. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये, आणि खोबणीत तेवढ्याच उंचीच्या खुणेच्या पट्ट्या असतात. बाहेरून चार मिलिमीटर दिसणाऱ्या टायरची आतली कड तारांपर्यंत पोचलेली असू शकते. पावसात ती कड पाणी बाहेर टाकत नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तासन् तास एकाच वेगानं जाताना ती तापत राहते.

घाटात किंवा लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि पुढच्या टायरची आतली कड उजेडात बघा. हात फिरवण्याआधी तार बाहेर आलेली नाही याची खात्री करा, ती बोट कापते. अलाइनमेंटला गेलात तर मशीनवर चढवण्याआधी चाकं हलवून बघायला सांगा आणि तिथेच उभे राहा. काम झाल्यावर 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन्ही रकान्यांचा कागद मागून घ्या. तो गाडीतच ठेवा आणि त्यावर त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग लिहा. पुढच्या मिस्त्रीला तो लागेल.