ह्रस्व वेलांटी आणि बालकाचा हात

अक्षरे ओळखणारे बालकही ‘दिवस’ हा शब्द वाचताना पुष्कळदा अडखळते. हा दोष त्याच्या बुद्धीचा मानू नये. ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाते, तिचा उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो. डोळ्याचा क्रम कानाच्या क्रमाशी जुळत नाही.

माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवीत बालक त्यांचा ध्वनी उच्चारते. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. पुठ्ठ्यावर चिंचोक्यांचा ‘द’ चिकटवून बालकाने तो प्रथम उच्चारावा. मग रंगीत कागदाची सुटी वेलांटी डावीकडून आणून ठेवावी. ‘द’मधील ‘अ’ जाऊन तेथे ‘इ’ येते व ‘दि’ सिद्ध होते. हाताचा क्रम असा ध्वनिक्रमाला अनुसरतो. नियम पाठ न करताही जोडणीचे मर्म बालकास उमगू लागते.