मॉरिशस : अग्नीचे बेट आणि आपली माणसे

भंडाऱ्याहून नागपुरास गेलेला प्रवासी सीताबर्डीच्या टेकडीपाशी पोहोचला, म्हणजे त्याच्या पायाखालचा खडक बदललेला असतो. आपल्या जिल्ह्यातला खडक त्याहून कितीतरी पुरातन. ती टेकडी मात्र काळ्या अग्निजन्य दगडाची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून जो लाव्हारस थरावर थर पसरला, त्याची ती पूर्वेकडची कड होय. पश्चिमेस त्याच थरांचा सह्याद्री झाला. हा अग्नी मग विझला काय? नाही, तो आजही हिंदी महासागरात धगधगतो आहे.

भूगर्भशास्त्रज्ञांचा सिद्धान्त असा : पृथ्वीच्या पोटातली ती भट्टी बहुतेक जागच्या जागी राहिली, वरचे भूकवच मात्र सरकत गेले. दिव्याच्या ज्योतीवरून कागद हळूहळू सरकवावा, म्हणजे काजळीचे डाग ओळीने उमटतात, तसेच हे झाले. प्रथम दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवांच्या तळचा कणा, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. मॉरिशसचे वय सुमारे ८० लाख वर्षे. तेथील ज्वालामुखी आता निजला आहे. शेजारच्या रियुनियनवरचा मात्र अद्यापि वारंवार जागा होतो. पॅसिफिकमधील हवाई बेटेही याच रीतीने जन्मली. पण तेथे पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून पूर्वीच जाऊन वसले होते. मॉरिशसवर १६३८ साली डचांनी वसाहत करीपर्यंत मनुष्यवस्तीच नव्हती. डोडो नावाचा न उडणारा पक्षी तेथे सुखाने नांदत होता. माणूस आला आणि त्याच शतकात तो नामशेष झाला.

डच १७१० साली निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मग उसाच्या मळ्यांत राबणार कोण? १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची जहाजे सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबई बंदरातून निघालेल्यांत रत्नागिरीकडची मराठी कुटुंबे होती. तेथला दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी भूल घालून वाडवडिलांना नेले, ही आठवण तिकडे आजही सांगतात. सोने कसले? शेतातले काळे दगड हातांनी वेचून रचावे, तेव्हा ऊस लागे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्या दगडांचे उंच ढीग उसाच्या फडांत आजही उभे आहेत. कोकणातला मजूर जो दगड सोडून गेला, त्याचाच धाकटा भाऊ तेथे त्याच्या माथी आला!

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. तेथे गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकता येते. घरातली बोली मात्र बहुतेकांची क्रियोल झाली आहे; मराठी उरली ती आरतीत, गाण्यात आणि शाळेच्या फळ्यावर. जी भाषा शतकाहून अधिक काळ समुद्रापार जपली गेली, ती केवळ सणापुरती राहू नये, असे आम्हांस वाटते. तिकडची मुले मराठीचा धडा गिरवतात, तो वाचायला पुढे पुस्तके हवीत आणि बोलायला कोणी हवे. तेवढे तरी आपल्या हातचे आहे.