गडचिरोली : भूमी, लोक आणि कारभार

नागपूरची रामदासपेठ ही दवाखान्यांची वस्ती म्हणून पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तेथील रुग्णालयांच्या आवारात गाठोडी उशाशी घेऊन बसलेली जी मंडळी दिसतात, त्यांपैकी अनेक जण वैनगंगेपलीकडून आलेले असतात. गडचिरोली शहर नागपूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. पण सिरोंचा किंवा भामरागड तालुक्यातील रुग्णाला आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयी पोहोचण्यास तेवढेच किंवा त्याहून अधिक अंतर तोडावे लागते. राज्याच्या पूर्व टोकावरील या जिल्ह्याची भूमी, लोकसंख्या आणि प्रशासन यांचा विचार अंतराच्या या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून ते गोवा राज्याच्या जवळजवळ चौपट आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र १०,७२,९४२ इतकीच भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. त्याच वेळी महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. जिल्ह्याचा तीनचतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. उत्तरेकडील कोरचीहून निघून दक्षिणेकडील सिरोंचास जावयाचे तर तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो, आणि त्यातील पुष्कळसा साग, बांबू, ऐन व मोह यांच्या सावलीतून होतो.

नद्यांनी आखलेल्या सीमा

या जिल्ह्याच्या सीमा बव्हंशी नद्यांनीच आखल्या आहेत. पश्चिमेस वैनगंगा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि तेथून पुढे त्या संयुक्त प्रवाहास प्राणहिता हे नाव प्राप्त होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. आग्नेयेस इंद्रावती ही छत्तीसगडची सीमा असून तीही पुढे गोदावरीतच विलीन होते. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम भामरागडला आहे. पूर्वेकडे टिपागड, सुरजागड आणि भामरागडचे डोंगर आहेत.

पाऊस भरपूर पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. नाले फुगतात, कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि गावे दिवसचे दिवस तुटून राहतात. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर खुद्द भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरले. त्याच वर्षी गोदावरीवर मेडीगड्डा येथील बंधारा कार्यान्वित झाला. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातील काठाच्या शेतीचे नुकसान होत असल्याची तक्रार शेतकरी करीत आले आहेत. बंधारा तेलंगणाचा आणि जमीन महाराष्ट्राची, अशा प्रकरणी दाद मागण्यासही अंतर तोडावेच लागते.

जिल्ह्याचा उत्तर व पश्चिम भाग हा धानाचा मुलूख होय. येथील शेतकरी बांधीत रोवणी करतो, बोडीत पाणी साठवितो आणि जुन्या मालगुजारी तलावांवर अवलंबून राहतो. रोवणीच्या दिवसांत शाळेची हजेरीही कमी होते, हे शिक्षकांना सांगावयास नको. दक्षिण व पूर्व भागात शेतीइतकाच वनोपजाचा आधार आहे. मोहफुले, तेंदूपाने, बांबू, हिरडा आणि चारोळी यांवर अनेक कुटुंबांचे वर्ष निभावते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ नंतर वेगाने वाढले. त्यातून रोजगार आला आणि त्याबरोबर अवजड वाहतुकीची धूळ, तसेच जंगलाविषयीची चिंताही आली. रेल्वे मात्र आजवर देसाईगंज, म्हणजे वडसा येथील एकाच टोकास स्पर्श करून जात आली आहे. वडसा ते गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या मार्गाची मागणी जुनी असून त्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

लोक आणि भाषा

२०११ मध्ये जिल्ह्यातील सुमारे ८९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आणि अनुसूचित जातींचे सुमारे ११ टक्के होते. गोंड, माडिया, परधान आणि हलबा या येथील प्रमुख जमाती. माडिया गोंड ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदविलेली जमात होय. साक्षरता ७४ टक्क्यांच्या घरात पोहोचली असली, तरी स्त्रिया आणि पुरुष यांच्यातील अंतर ठळक होते.

भाषांची गणना हा या जिल्ह्याचा स्वतंत्र अध्याय ठरेल. मराठीबरोबर गोंडी आणि माडिया, दक्षिणेत तेलुगू, पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगडी, आणि चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली अशा अनेक भाषा येथे नांदतात. पहिलीच्या वर्गात बसलेल्या माडिया मुलाला पाठ्यपुस्तकातील मराठी ही परकीच भाषा वाटते. ज्या शिक्षकाने दोनशे माडिया शब्द शिकून घेतले, त्याचा वर्ग लवकर बोलता होतो, हे या भागात सेवा केलेले अनेक जण सांगतात. परिपत्रकाने हे साधत नाही.

एक गोष्ट जाता जाता. ज्यास मागास जिल्हा म्हणून सर्वत्र ओळखतात, त्याच जिल्ह्यातील वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. धान निघाल्यावर गावोगावी रात्रभर नाटके होतात आणि पंचक्रोशी तिकीट काढून ती पाहते.

जिल्हा झाला, पण जवळ आला काय?

प्रशासनाच्या दृष्टीने या प्रदेशाचा इतिहास मुख्यालये हलविण्याचा इतिहास आहे. आज जिल्ह्याचे दूरस्थ टोक मानले जाणारे सिरोंचा हे एकोणिसाव्या शतकात अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून त्याचा भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. १९०५ मध्ये जमीनदारी प्रदेश एकत्र करून गडचिरोली ही तहसील निर्माण झाली. या जमीनदाऱ्यांत अहेरीची सर्वांत मोठी होती, आणि १९५१ मध्ये कायद्याने त्या संपुष्टात आल्या. अखेर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी सिरोंचाच्या माणसाला जिल्हा कचेरीचे काम म्हणजे चंद्रपूरची वारी असे.

आज जिल्ह्यात गडचिरोली, चामोर्शी, देसाईगंज, कुरखेडा, अहेरी आणि एटापल्ली असे सहा उपविभाग आणि बारा तालुके आहेत. आदिवासी विकासाची एकात्मिक प्रकल्प कार्यालये गडचिरोली, अहेरी व भामरागड येथे आहेत. विधानसभेचे तिन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उच्च शिक्षणासाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तोवर येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती.

एवढे होऊनही अंतर उरतेच, कारण शासकीय निकष बहुधा लोकसंख्येवर बेतलेले असतात. सर्वसाधारण भागात ३०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, तर आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० मागे, असा निकष आहे. सवलत योग्यच. पण २०११ मध्ये संपूर्ण भामरागड तालुक्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत होती, आणि चामोर्शी तालुक्याची पावणेदोन लाखांवर. माणसे मोजून भामरागडला दोनच केंद्रे मिळतील. चालण्याची वाट मोजली तर हिशेब निराळा होतो.

विरळ वस्तीच्या इतर देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. रशियाने २००३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यात एक उल्लेखनीय कसोटी घातली होती. ग्रामीण वस्तीच्या रहिवाशाला आपल्या स्थानिक मुख्यालयी पायी जाऊन कामाच्या एका दिवसात परतता यावे, आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी वाहनाने जाऊन त्याच दिवशी परतता यावे, हे लक्षात घेऊन सीमा ठरवाव्यात, अशी ती तरतूद होती. अतिविरळ वस्तीच्या व दुर्गम प्रदेशांस तिच्यातून सूट होती, हेही येथे सांगितले पाहिजे. ही कसोटी गडचिरोलीस लावून पाहावी. सिरोंचाहून मुख्यालयी जाऊन येणे म्हणजे चारशे किलोमीटर. एखाद्या दाखल्यासाठी मजूर माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि साहेब दौऱ्यावर असले तर चार दिवसांची.

या पोकळीचा परिणाम सुरक्षेवरही झाला. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दले प्राणहिता ओलांडून या जंगलात शिरली, ती जेथे शासन क्वचित दिसे अशा गावांत. पुढील चार दशकांत आदिवासी, पोलीस आणि लोकप्रतिनिधी अशा अनेकांचे प्राण गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने अनेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. रस्ता, मनोरे आणि पोलीस मदत केंद्रे यांचा त्यात वाटा आहे. परंतु त्या रस्त्याने तलाठी, परिचारिका आणि शिक्षक किती नियमित येतात, याकडे गावकऱ्यांचे आता अधिक लक्ष आहे.

गावाच्या हाती कारभार

अंतर कमी करण्याचा दुसरा मार्ग कार्यालय जवळ आणण्याऐवजी निर्णयच गावात आणण्याचा आहे. जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे पाडा किंवा टोला यांनाही ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची आणि आपली ग्रामसभा भरविण्याची वाट मोकळी झाली. चार-पाच गावांच्या गट ग्रामपंचायतीत ज्या टोल्याचा आवाज पोहोचत नसे, त्याच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे याचे सर्वपरिचित उदाहरण. ‘मावा नाटे मावा सरकार’ ही या गावाची घोषणा, म्हणजे आमच्या गावात आमचे सरकार. पाचशेच्या आसपास वस्तीच्या या गावाने सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांना असे हक्क मिळाले. तेंदूपानांचा लिलाव स्वतः करताना काही ग्रामसभांनी चांगला भाव मिळविला, तर काहींची रक्कम ठेकेदाराकडे अडकली. हिशेब ठेवणे, करारनामा वाचणे आणि बँकेचे व्यवहार पाहणे यांसाठी ग्रामसेवक व शिक्षक यांच्या मदतीची गरज येथे सर्वांत अधिक भासते.

आरोग्याच्या क्षेत्रातही हीच दिशा फलदायी ठरली. १९७३ पासून हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प चालू आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले, आणि तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १२१ वरून कालांतराने ३० पर्यंत उतरले. पुढे ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट झाली. न्यूमोनिया झालेल्या बाळाला डॉक्टरकडे नेण्याची वाट लांब होती, म्हणून उपचार झोपडीपर्यंत गेला.

पावसाळ्यापूर्वी तुटणाऱ्या गावांना काही महिन्यांचे धान्य आधीच पोहोचविण्याची व्यवस्था जिल्ह्यात असते. त्याच काळात आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात प्रसूतीस आठ-दहा दिवस उरलेल्या स्त्रियांना आणून ठेवण्यात येते. पुष्कळ घरी त्यास अजून नकार मिळतो. मागे राहिलेल्या लेकरांचे काय आणि रोवणी कोण करील, असे प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे आशा कार्यकर्ती आणि गावचे पंच यांनी नदी चढण्यापूर्वी शोधावी लागतात.