उंदीर आणि आलेख

वहीत तीन रकाने आखले: लागण न झालेले, आजारी, बरे झालेले. हजार वस्तीची एक चाळ धरली, त्यात १० आजारी. नियम दोनच. सगळे निरोगी असताना एक आजारी माणूस दिवसाला सरासरी ०.४ जणांना आजार देईल आणि रोज आजाऱ्यांतले २० टक्के बरे होतील. पहिल्या दिवशी ४ नवे, २ बरे, आजारी १२. दुसऱ्या दिवशी १४. पुढे आकडे भराभर चढतात.

लागण न झालेले ५०० वर आले की नवे आजारी आणि बरे होणारे सारखेच होतात. दर वेळी माझी पेन्सिल इथे थबकते. औषध नाही, लस नाही, जंतूही तितकाच जहाल. तरी लाट वळते, कारण आजाऱ्याच्या संपर्कात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना रोग आधीच शिवून गेलेला असतो. साथ सरते तेव्हा दोनशेच्या आसपास माणसं लागण न होताच सुटलेली असतात.

हे गणित १९२७ साली कर्मॅक आणि मॅक्केन्ड्रिक यांनी मांडलं. मॅक्केन्ड्रिक हिंदुस्थानात, कसौलीला काम केलेले डॉक्टर. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली. पडताळ्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. त्यांचं सूत्र मी कॅल्क्युलेटरवर चालवून पाहिलं. सातव्या आठवड्यात ६३, बाराव्यात ३७४, सतराव्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, ८९०. बाविसाव्यात पुन्हा ३७४. चढ आणि उतार अगदी सारखे, आणि प्रत्यक्ष मृत्यूंचे ठिपके या रेषेच्या जवळून जातात. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एका आठवड्यात दगावलेली माणसं, हे विसरून ही आकडेमोड मला करवत नाही.

पण प्लेग माणसाकडून माणसाकडे क्वचितच जाई. आधी घरात उंदीर पडत, मग त्यांच्या पिसवा माणसाला चावत. माणसांचा प्लेग हे उंदरांच्या प्लेगचं प्रतिबिंब, हे खुद्द लेखकांनीही नोंदवलं होतं. कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिसवा टिकत नाहीत. तेव्हा मुंबईची लाट वळली ती केवळ लागण न झालेली माणसं कमी झाल्यामुळे, असं मी म्हणणार नाही. रेषा सुंदर जुळली, तरी कारण तेवढ्याने सिद्ध होत नाही.

१९०७ मध्ये मुंबईत प्लेग पुन्हा आला. माझ्या वहीतली लाट एकदा ओसरली की परत येत नाही. तिच्या नियमांत ऋतू नाहीत आणि उंदीरही नाहीत.