चौथी सीट

सकाळच्या कल्याण लोकलमध्ये तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. ही सीट रेल्वेने दिलेली नसते. 'जरा सरकता का?' असं विचारलं की ती तयार होते. विज्ञानातली पोस्टडॉकची जागाही बरेचदा अशीच तयार होते, हे कळलं तेव्हा मी चाटच पडले.

पीएचडी संपली, प्राध्यापकी अजून लांब. मधली दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत पगारी संशोधन करायचं, तो पोस्टडॉक. ही पदवी नाही, त्यामुळे 'अजून शिकतोयच का?' या शेजारच्या काकूंच्या प्रश्नाला धड उत्तरही देता येत नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत याच माणसाला 'व्हिजिटिंग फेलो' म्हणतात, इतर बऱ्याच ठिकाणी 'रिसर्च असोसिएट'.

आता अशा जागा शोधायच्या नजरेनं मध्य रेल्वेचा नकाशा बघा. डोंबिवलीहून स्लो पकडली की कांजूरमार्गला पवईची आयआयटी, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी, परळला प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था. सीएसएमटीला उतरून बस घेतली की कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआर. माटुंग्याची आयसीटी म्हणजे जुनं यूडीसीटी. तिथे 1969 साली पीएचडी झालेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर पुढच्या संशोधनासाठी इंग्लंडमधल्या सॅल्फर्डला गेले आणि 1976 मध्ये परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) रुजू झाले.

पण जागा मिळते कशी? जाहिराती निघतात, मात्र पुष्कळ जागांची सुरुवात एका ईमेलनं होते. 'आदरणीय सर, मला आपल्या प्रयोगशाळेत संधी द्यावी' हे पत्र शंभर जणांना जातं आणि शंभर ठिकाणी मरतं. 'तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत वक्र शेवटी खाली का वळतो, ते मी माझ्या पद्धतीनं मोजू शकेन' हे पत्र एकालाच जातं, पण तो थांबून वाचतो. लोकलमधला दुसरा प्रश्नही इथे चालतो: 'तुम्ही कुठे उतरणार?' सध्याच्या पोस्टडॉकची मुदत कधी संपते, हे त्यालाच विचारावं. तो सांगतोही, कारण तोही पुढची सीट शोधत असतो.

काही जण स्वतःची सीट घेऊनच चढतात. केंद्र सरकारची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप (एनपीडीएफ) ही दोन वर्षांची फेलोशिप तशी. वयोमर्यादा 35, काही गटांना सवलत. आणि अर्जासोबत मार्गदर्शकाची संमती हवी. म्हणजे 'सरकता का?' इथेही चुकत नाही.

सगळ्यात अजब मामला खगोलशास्त्राचा. जाहिराती आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतात, आणि अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संकेतानुसार 15 फेब्रुवारीच्या आत कुणालाही 'हो की नाही' विचारून कोंडीत धरायचं नसतं. त्या तारखेला ठाणे स्टेशन आल्यासारखा अख्खा डबा हलतो. एकानं नकार कळवला की यादीतल्या पुढच्याला फोन, त्यानं आपली आधीची ऑफर सोडली की तिसऱ्याला. एका खंडातल्या नकारानं दुसऱ्या खंडात कुणाची तरी बॅग भरली जाते!

अशा परदेशी अर्जाची मुदत न्यूयॉर्कच्या घड्याळानं रात्री 11:59 ची असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 10:29 वाजलेले असतात. अर्ज तेवढ्यात जाईलही. शिफारसपत्रं लिहिणाऱ्या तिघांना मात्र महिनाभर आधी सांगून ठेवा.